स्मरणिकेतला इतिहास विकिपीडियावर का टिकत नाही?

पत्राचा गोषवारा: कोल्हापुरातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात मी पगारी ग्रंथपाल आहे. वाचनालयाची शताब्दी जवळ आली आहे आणि "आपलं पान विकिपीडियावर पाहिजेच" असा अध्यक्षांचा आग्रह आहे. मी वाचनालयाच्या नावानं खातं उघडलं आणि आमच्या स्मरणिकेतला इतिहास मराठी विकिपीडियावर टाकला. खाली स्मरणिकेचं नावही दिलं. दोन दिवसांत "प्रताधिकारभंग" (म्हणजे कॉपीराइटचा भंग) आणि "जाहिरात" अशी कारणं देऊन पान काढलं गेलं. मग माझ्या भाच्यानं एआयकडून तोच मजकूर वेगळ्या शब्दांत करून घेतला. तेही पान गेलं, वर ताकीद आली. आता एक एजन्सी पैसे घेऊन "गॅरंटीनं" पान करून देतो म्हणते आहे आणि अध्यक्ष जवळजवळ तयार आहेत. भाचा म्हणतो, दुसरं खातं काढ आणि परत टाक. स्मरणिका आमचीच, मग चोरी कसली? आम्ही एक रुपया नफा कमवत नाही, मग जाहिरात कसली? काय करू?
— एक ग्रंथपाल

ताई,

आधी त्या एजन्सीचं बघू. अध्यक्षांनी अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका म्हणावं. बाकीचं सावकाश बघता येईल, हे मात्र आजच थांबवा. कुठल्याही भाषेतल्या विकिपीडियावर पान टिकण्याची हमी कुणीच देऊ शकत नाही, अगदी प्रचालकसुद्धा (पानं काढण्याचे अधिकार असलेले तिथले स्वयंसेवक) नाही. लेख ठेवायचा की काढायचा हे धोरणं आणि चर्चा यांवर ठरतं, आणि आज टिकलेलं पान दोन वर्षांनी पुन्हा चर्चेला येऊ शकतं. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियावर एकमेकांशी लागेबांधे असलेली ३८१ खाती एकदम बंद केली गेली. त्यांची रीत अशी होती: ज्यांचे लेख नाकारले किंवा काढले गेले आहेत असे व्यावसायिक आणि कलाकार हेरायचे, आपण विकिपीडियातले वजनदार लोक आहोत असं भासवायचं, पैसे घेऊन पान चढवायचं आणि नंतर ते "सांभाळण्यासाठी" दरमहा पैसे मागत राहायचं. पान काढल्याच्या नोंदी विकिपीडियावर सर्वांना दिसतात. त्यामुळे तुमच्यासारखं अडलेलं गिऱ्हाईक शोधायला कुणाला फार कष्ट पडत नाहीत.

आता तुमचा पहिला प्रश्न. स्मरणिका "आमचीच" म्हणताना ती नक्की कुणाची? आपल्याकडे १९५७ चा प्रताधिकार कायदा आहे. त्यानुसार मजकूर लिहिला की हक्क तयार होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. तो हक्क लिहिणाऱ्याचा असतो आणि दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. पगारी माणसानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं असेल, तर तो मालक संस्थेकडे जातो. पण स्मरणिकेत कोण लिहितं? निवृत्त मुख्याध्यापक, जुने सभासद, कॉलेजातले एखादे प्राध्यापक, एखादा लेख आज हयात नसलेल्या माणसाचा. त्यांनी मानधन घेतलं नसेल, पण हक्कही लिहून दिलेला नसतो. लेखक गेल्यावर तो हक्क वारसांकडे राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं. अध्यक्षांनी "घाला खुशाल" म्हणणं ही दुसऱ्यांच्या वतीनं दिलेली तोंडी परवानगी झाली.

बरं, सगळे हक्क खरोखर संस्थेकडे आहेत असं धरू. तरी "विकिपीडियानं वापरायला आमची हरकत नाही" एवढ्यावर भागत नाही. विकिपीडियातला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली असतो, त्यात कुणीही तो उचलू शकतो, बदलू शकतो, पुस्तक छापून विकूही शकतो. अटी एवढ्याच की श्रेय द्यायचं आणि पुढचं लेखनही त्याच परवान्याखाली खुलं ठेवायचं. एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही. संस्थेला तसा द्यायचाच असेल तर स्वतःच्या संकेतस्थळावर तो स्पष्ट नोंदवता येतो, किंवा संस्थेच्या अधिकृत ई-मेलवरून विकिमीडियाच्या (विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या) परवानगी तपासणाऱ्या स्वयंसेवकांना पत्र पाठवता येतं. मार्ग आहे, पण तुम्हाला तो सुचवत नाही. सगळ्या लेखकांच्या सह्या गोळा करून परवाना आणलात तरी पान काढण्याचं दुसरं कारण, जाहिरात, जागच्या जागी राहतं. स्मरणिकेची भाषा ज्ञानकोशात चालत नाही, परवाना असो वा नसो.

खाली स्मरणिकेचं नाव दिल्यानं का भागलं नाही, हेही सांगतो. संदर्भ देतो तो "ही माहिती कुठून आली" हे वाचकाला तपासता यावं म्हणून. त्यानं वाक्यं उचलण्याची मुभा मिळत नाही. माहितीवर कुणाची मालकी नसते. स्थापनेचं साल, पहिल्या अध्यक्षांचं नाव, इमारत कधी बांधली, हे कुणीही लिहावं. मालकी असते ती मांडणीवर: शब्द, वाक्यांचा क्रम, कुठल्या गोष्टीला जोडून कुठली गोष्ट सांगितली ती वीण. एखादं वाक्य जसंच्या तसं हवंच असेल, म्हणजे कुणाचं मत किंवा एखाद्या ठरावातली ओळ, तर अवतरणचिन्हात, कुणाचं ते सांगून, एक-दोन ओळींपुरतं द्यावं.

भाच्याचा प्रयोग फसला तोही ह्याच कारणानं. समजा स्मरणिकेत असं होतं:

"शहराच्या सांस्कृतिक वैभवात मानाचा तुरा खोवणारे हे वाचनालय म्हणजे ज्ञानपिपासूंसाठी अखंड तेवणारा नंदादीप होय. द्रष्ट्या धुरिणांनी लावलेल्या या इवल्याशा रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे."

एआयनं त्याचं साधारण असं केलं असणार: "शहराच्या सांस्कृतिक समृद्धीत मोलाची भर घालणारे हे ग्रंथालय म्हणजे ज्ञानाची ओढ असणाऱ्यांसाठी सतत उजळणारा दीप आहे. दूरदृष्टीच्या संस्थापकांनी पेरलेल्या छोट्याशा बीजाचे आज विशाल वृक्षात रूपांतर झाले आहे."

शब्द बदलले, पण वाक्यांचा सांगाडा, क्रम आणि उपमासुद्धा त्याच. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की कुणालाही दिसतं. शिवाय दोन्ही उताऱ्यांत तपासता येईल अशी माहिती किती? शून्य. स्मरणिकेची दोन-दोन पानं गाळून घेतली की हाती चार ओळी उरतात, आणि लेख त्या चार ओळींचाच व्हायला हवा. एआयची आणखी एक खोड म्हणजे माहिती कमी पडली की ते स्वतःहून भर घालतं, कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचा संदर्भही देतं. इंग्रजी विकिपीडियानं २०२५ मध्ये, माणसानं न तपासता टाकलेले असे लेख लांबलचक चर्चेविना काढण्याची तरतूद केली आहे. तपासणारे मोजके आणि मजकूर टाकणारे भरमसाट, अशा ठिकाणी दुसरं काय करणार?

मग लिहायचं कसं? संगणकाला हात लावण्याआधी कागद घ्या. प्रत्येक स्रोतासाठी वेगळा कागद, वर पुस्तकाचं किंवा पेपरचं नाव, तारीख, पान. त्याखाली फक्त तुटक नोंदी: "स्थापना — साल, पेठ", "इमारत — देणगी कुणाची, किती, पृ. १४". पूर्ण वाक्य उतरवायचं नाही, कारण उतरवलेलं वाक्य पुढे आपोआप लेखात शिरतं. दोन-तीन स्रोतांच्या नोंदी झाल्या की सगळी पुस्तकं मिटून बाजूला ठेवा आणि फक्त कागदांवरून, कालक्रमानं लिहा. स्मरणिकेनं संस्थापकांच्या गौरवानं सुरुवात केली असेल, तर तुमचा लेख "हे काय आहे, कुठे आहे, कधीपासून आहे" यानं सुरू होईल. क्रम बदलला की निम्मी नक्कल तिथंच गळते. शेवटी मूळ पुस्तक पुन्हा उघडून ताडून बघा. सलग पाच-सहा शब्द जुळत असतील आणि ते नाव, पद किंवा तारीख नसेल, तर ते वाक्य मोडून नव्यानं लिहा. इंटरनेटवरच्या मजकुराची भीती असेल तर तुमच्या लेखातले आठ-दहा शब्द अवतरणचिन्हात घालून गुगलवर शोधा. तपासणारे संपादकही बहुधा हेच करतात, किंवा दोन पानं ताडून बघणारं साधन वापरतात. छापील पुस्तकातली चोरी अशा साधनांना दिसत नाही, पण ती सापडत नाही म्हणून चालते असं नव्हे. आज ना उद्या कुणी ते पुस्तक हातात घेऊन बसतंच.

एक सवय आवर्जून मोडायला हवी: "आधी पेस्ट करते, मग सावकाश बदलते." विकिपीडियात प्रत्येक जतन केलेली आवृत्ती "इतिहास" या टॅबमध्ये कायमची राहते. तुम्ही दहा मिनिटांत सगळं बदललंत तरी पहिल्या आवृत्तीतली नक्कल जगजाहीर असते आणि ती लपवायला प्रचालकाला मुद्दाम काम करावं लागतं. तुमची धूळपाटी (सरावाचं पान) आणि सदस्यपानही ह्याला अपवाद नाहीत, तीही सार्वजनिकच पानं आहेत. कच्चं लिखाण वर्डमध्ये करा, वहीत करा, कुठंही करा. तिकडे मात्र तुमच्या शब्दांत उतरल्यावरच न्या.

भाषांतराबद्दल अनेकांचा गोंधळ होतो म्हणून थोडक्यात. इंग्रजी विकिपीडियातल्या लेखाचं मराठी भाषांतर चालतं, कारण परवाना तोच आहे. पण संपादनाच्या सारांशात (बदल जतन करताना लिहायच्या छोट्या नोंदीत) "इंग्रजी विकिपीडियातील अमुक लेखावरून भाषांतरित" असं दुव्यासह लिहावं लागतं. भाषांतराचं अधिकृत साधन वापरलंत तर ती नोंद आपोआप पडते. इंग्रजी वर्तमानपत्रातल्या लेखाचं भाषांतर मात्र नक्कलच धरलं जातं. भाषा बदलल्यानं मूळ लेखकाचा हक्क जात नाही.

दुसरा प्रश्न होता, नफा नाही तर जाहिरात कसली? यात गृहीत असं आहे की जाहिरात फक्त पैशासाठी होते. ज्ञानकोशाच्या दृष्टीनं वाचकाचं मत आपल्या बाजूला वळवण्यासाठी लिहिलेलं सगळं जाहिरातच. मग ते चपलांच्या दुकानाबद्दल असो, तालमीबद्दल असो, की देवस्थानाबद्दल. आणि कोल्हापूरकरांना तर ह्या बाबतीत जन्मजात अडचण आहे. "जगात भारी" हे आपण श्वास घेतल्यासारखं म्हणतो. म्हणावंही. पण लेखात ते लिहायचं तर कुणी म्हटलं, कुठे, कधी आणि कशाच्या आधारावर, हे सांगावं लागतं. ते सांगता आलं नाही की वाक्य गळतं.

गळण्याची पहिली पाळी विशेषणांची. नामांकित, अग्रगण्य, सुप्रसिद्ध, भव्यदिव्य, निःस्वार्थ, अविरत, "ज्ञानदानाचं पवित्र कार्य". मग पदव्या: शिक्षणमहर्षी, सहकारमहर्षी, कार्यसम्राट. नावाआधीचे मा., श्री., सौ. ही काढा. "कै." ऐवजी मृत्यूचं साल द्या, ते जास्त उपयोगी. इथं एक गोष्ट मात्र सांभाळा. "ते अध्यक्ष होते" यातलं आदरार्थी बहुवचन ही मराठीची साधी रीत आहे, ते स्तुती समजून "तो अध्यक्ष होता" करायची गरज नाही. "आम्ही", "आमचे वाचनालय", "आपण अवश्य भेट द्यावी" हे मात्र एकदाही नको. पत्ता, फोन, वर्गणीचे दर, उघडण्याच्या वेळा, चालू कार्यकारिणीची पूर्ण यादी, आवाहनं, यांची जागा तुमच्या संकेतस्थळावर आणि गुगलच्या नकाशावर. संकेतस्थळाचा दुवा एकदाच, लेखाच्या शेवटी "बाह्य दुवे" मध्ये.

स्तुती गाळल्यावर काय उरतं ते घाबरवणारं असतं, मान्य आहे. "वाचनालयानं वाचनसंस्कृती रुजवण्यात अमूल्य योगदान दिलं" याच्या जागी "अमुक साली बालविभाग सुरू झाला, अमुक साली पुस्तकसंख्या इतकी होती" असं संदर्भासह येतं. वाचकाला योगदान कळतं ते दुसऱ्या वाक्यातूनच. पहिलं वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाचनालयाला चिकटवता येईल, आणि तशी ती चिकटवलेलीही आहेत.

आता तुम्ही न विचारलेला, पण सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न. भाषा निर्दोष केली, नक्कल काढली, तरी लेख राहील का? ते तुमच्या लिखाणावर अवलंबून नाही. वाचनालयाशी संबंध नसलेल्या लोकांनी, स्वतःहून, दखलपात्र लांबीचं, विश्वासार्ह ठिकाणी काही लिहून ठेवलंय का, यावर आहे. ह्याला तिथं उल्लेखनीयता म्हणतात. संस्था किती चांगली आहे याचा हा निवाडा नव्हे. उत्तम काम करणाऱ्या शेकडो संस्थांबद्दल कुणीही काही लिहिलेलं नसतं, आणि मग ज्ञानकोशाला सारांश काढायला काही हातात नसतं. शासनमान्य "अ" वर्ग ही ग्रंथालयांची प्रशासकीय प्रतवारी आहे. लेखात ती एक ओळ म्हणून येईल, लेखाचा आधार म्हणून पुरणार नाही.

तुम्ही म्हणाल, पेपरात कितीतरी बातम्या आल्यात. त्या कात्रणांची फाईल काढा आणि निष्ठुरपणे तपासा. बातमीच्या शेवटी "सूत्रसंचालन अमुक यांनी केले, आभार तमुक यांनी मानले, यावेळी मान्यवर आदी उपस्थित होते" असेल, तर ती तुमच्याच कार्यालयानं पाठवलेली प्रेसनोट आहे. दोन पेपरांत दुसऱ्या दिवशी तेच शब्द असतील तर शंकाच नको. वर्धापनदिनाच्या पुरवणीतला लेख, ज्याच्याभोवती सभासदांच्या शुभेच्छांच्या जाहिराती आहेत, तोही स्वतंत्र म्हणता येत नाही. इंटरनेटवरच्या एखाद्या लेखानं विकिपीडियातूनच उचललेलं असतं, तेव्हा त्याची तारीख आणि विकिपीडियाच्या पानाचा इतिहास ताडून बघा. स्मरणिका, अहवाल, इतिवृत्त हे सगळे तुमचेच स्रोत. स्थापनेचं साल किंवा इमारतीची तारीख अशा वादातीत गोष्टींना ते चालतात, थोरवी सिद्ध करायला नाही.

एवढं गाळून निदान दोन-तीन भक्कम स्रोत उरले तर लेखाला पाया आहे. ते शोधायला तुमच्याइतकी सोयीची जागा कुणाकडे आहे? जुन्या पेपरांचे बांधीव खंड, कोल्हापूर जिल्ह्याचं गॅझेटिअर, शिवाजी विद्यापीठात झालेले प्रबंध, स्थानिक लेखकांची आत्मचरित्रं, ग्रंथालय चळवळीवरची पुस्तकं. विकिपीडियाला स्रोत ऑनलाइनच हवा असा नियम नाही. छापील पुस्तक चालतं, फक्त लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष आणि पान द्या. वर्तमानपत्र असेल तर आवृत्ती आणि तारीखही. आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या १८८६ च्या कोल्हापूर खंडासारखं जुनं, प्रताधिकार संपलेलं पुस्तक सापडलं, तर त्याचा मजकूर वापरायला कायद्याची आडकाठी नाही. पण श्रेय द्या, आणि साहेबाच्या चष्म्यातून केलेले जातीपातींचे शेरे "माहिती" म्हणून उतरवू नका.

स्रोत उरलेच नाहीत तर? मला वाटतं तुमच्या पत्रातली खरी वाट इथून निघते. कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातला हा पहिला ग्रंथालय कायदा मानला जातो. राज्यभराचा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ साली आला. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० सालचं. म्हणजे कोल्हापूरच्या ग्रंथालय चळवळीवर संदर्भांनी भरलेला एक चांगला लेख होऊ शकतो आणि त्यात तुमच्या वाचनालयाला, पुराव्यानिशी, दोन-चार ओळींची रीतसर जागा मिळू शकते. स्वतंत्र पानापेक्षा ह्या ओळी जास्त टिकतात, कारण त्यांना वाचनालयाची थोरवी सिद्ध करायची नसते, एक तथ्य फक्त योग्य जागी ठेवायचं असतं. शिवाय प्रभात फिल्म कंपनी, खासबाग मैदान, इथली गुळाची बाजारपेठ, कोल्हापुरी चप्पल, अशा विषयांवरच्या लेखांत "संदर्भ हवा" असं दिसलं की तुम्ही कपाटातून पुस्तक काढून पान क्रमांकासह संदर्भ जोडू शकता. दहा असे संदर्भ जोडलेत की विकिपीडियाची रीत हाताला कळते आणि तिथल्या लोकांनाही तुमची ओळख होते. मराठी विकिपीडियाला आणखी एका संस्थेच्या पानापेक्षा ह्याची गरज खूप मोठी आहे.

तुमच्या खात्याचं आणि हितसंबंधांचं बघू. संस्थेच्या नावाचं, तीन जण मिळून वापरतात असं खातं चालत नाही. एक खातं, एक माणूस. पण भाच्याचं ऐकून गुपचूप दुसरं काढू नका. ताकीद चुकवण्यासाठी काढलेलं दुसरं खातं सापडलं तर दोन्ही बंद होऊ शकतात आणि पुढे तुमचं खरं बोलणंही कुणी ऐकत नाही. आहे त्याच खात्याचं नाव बदलण्याची विनंती करता येते. जुनं योगदान त्याच्यासोबत राहतं, लपवाछपवीचा प्रश्नच येत नाही. त्यानंतर सदस्यपानावर लिहा की तुम्ही कुठल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल आहात. तुम्ही पगारी आहात आणि हे काम अध्यक्षांनी सांगितलं आहे, तेव्हा हे सशुल्क संपादन ठरतं. वेगळे पैसे मिळाले नसले तरीही. २०१४ पासून विकिमीडियाच्या वापराच्या अटींतच आहे की असा संबंध सदस्यपानावर, चर्चापानावर किंवा संपादनाच्या सारांशात उघड करायचा. उघड केल्यावरही स्वतःच्या वाचनालयाच्या ओळी स्वतः घालू नयेत. खासबागेत उतरलेल्या पैलवानानं आपल्याच कुस्तीचा पंच होऊ नये, तसं. चर्चापानावर मजकूर आणि संदर्भ मांडायचे, दुसऱ्या कुणी पारखून घ्यायचे. मराठीत नियमित संपादन करणारे थोडे आहेत. उत्तराला आठवडाही लागेल, महिनाही. शताब्दीच्या कार्यक्रमपत्रिकेवर "विकिपीडिया पानाचं उद्घाटन" छापायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

छायाचित्राचं सोपं आहे. इमारतीचा फोटो तुम्ही स्वतः, रस्त्यावरून काढा आणि कॉमन्सवर (विकिमीडियाच्या चित्रांच्या खुल्या भांडारात) स्वतःचं काम म्हणून चढवा. आपल्या कायद्यात इमारतीच्या अशा छायाचित्राला मोकळीक आहे. स्मरणिकेतल्या जुन्या समूहचित्राचा मोबाइलवर काढलेला फोटो मात्र "स्वतःचं काम" होत नाही, आणि व्हॉट्सॲपवर आलेला तर नाहीच.

अध्यक्षांना कसं सांगायचं ते तुम्हाला जास्त कळतं. पण एक प्रश्न त्यांना जरूर विचारा. पान झालं आणि उद्या कुणी त्यात निवडणुकीतला वाद किंवा कोर्टातला दावा पेपरच्या संदर्भासह घातला, तर तो आपल्याला काढता येणार नाही, हे चालेल का? पान संस्थेबद्दल असतं, संस्थेचं नसतं. अनेकांचा आग्रह ह्या एका प्रश्नावर सैल होतो. आणि त्यांना जे हवं आहे, म्हणजे गौरव, आठवणी, देणगीदारांची नावं, फोटो, ते सगळं वाचनालयाच्या संकेतस्थळावर दिमाखात येऊ द्या. लेखकांची लेखी संमती घेऊन स्मरणिका स्कॅन करून तिथं ठेवलीत, तर पुढे कुणी अभ्यासक ती वापरेल, तिच्यावर लिहील, आणि तसं लिखाण हाच उद्याचा स्वतंत्र स्रोत ठरू शकतो.

ज्या प्रचालकांनी ताकीद दिली त्यांच्या चर्चापानावर, नाव बदलून झाल्यावर, एवढंच लिहा:

"मी अमुक वाचनालयाची पगारी ग्रंथपाल आहे. आधीचा मजकूर स्मरणिकेतून घेतलेला होता, तो पुन्हा टाकणार नाही. संबंध सदस्यपानावर नोंदवला आहे. कोल्हापूरच्या ग्रंथालय चळवळीवर छापील संदर्भांसह लेख लिहायचा विचार आहे. कच्चा मसुदा माझ्या सदस्य उपपानावर ठेवला तर पाहाल का? आमच्या वाचनालयाचा उल्लेख करावा की नाही, हे इतरांनी ठरवावं."

खाली चार वेळा ~ हे चिन्ह द्या, म्हणजे सही आणि वेळ आपोआप उमटते. आधीची ताकीद तुमच्या चर्चापानावरून पुसू नका, तिच्या खालीच ह्या निरोपाचा दुवा ठेवा.